पोवळ्याची घंटा

शेजारच्या काकूंनी माझ्या तीन कुंड्यांचं जावळ काढलं, त्याला आज दहा दिवस झाले. राग गेला असं मी घरात सांगितलंय.

झाडाचं नाव कोरल बेल्स. शास्त्रीय नाव ह्यूकेरा, हे हॉयखर नावाच्या एका जर्मन डॉक्टरावरून पडलेलं. झाड मात्र मूळचं उत्तर अमेरिकेतलं. फुलं बारीक, घंटेसारखी. त्यांच्यासाठी कुणी ते फारसं लावत नाही. लावायचं ते पानांसाठी. जांभळी, पोपटी, कॅरॅमलच्या रंगाची पानं, आणि तीही बारमाही. यातल्या 'पॅलेस पर्पल' या जातीला 1991 साली अमेरिकेत वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड ठरवलं होतं. सोलापुरात तिला कुणी विचारत नाही, आता मीही नाही.

नोव्हेंबरात कुरिअरनं तीन रोपं मागवली. 1800 रुपये गेले. बायकोला 600 सांगितले. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून कोकोपीट, वाळू आणि गांडूळखत कालवलं. गड्डा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीत पुरायचा नाही, नाहीतर कुजतो. (सोलापूरकराला गड्डा म्हटलं की सिद्धेश्वराची जत्राच आठवते, पण झाडालाही असतो.) दुपारचं ऊन चालत नाही, म्हणून कुंड्या उत्तरेच्या जिन्याखाली ठेवल्या. जानेवारीच्या थंडीत रंग असे चढले, की मी सकाळचा चहा जिन्यातच प्यायला लागलो.

मग पुण्याला लग्न निघालं. दोन दिवसांचं, आणि नळाला पाणी यायचा वार नेमका मधे. आमच्याकडे पाहुण्यांना तारीख द्यायच्या आधी नळाची तारीख बघतात. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात. ते भरल्याची बातमी आम्ही पेपरात वाचतो आणि बॅरलच्या तळातलं पाणी मग्यानं काढतो. हे हसत सांगायची सवय झालीय, इतकंच. असो. तर किल्ली काकूंकडे दिली. बॅरल भरा, आणि झाडांना तांब्याभर घाला.

परत आलो तर जिन्याखाली तीन कुंड्या आणि तीन गड्डे. प्रत्येकावर करंगळीच्या नखाएवढं एकेक कोवळं पान.

"काय करूलालास रे खाली वाकून?" काकू वरून.

"काकू, पानं?"

"काढली की सगळी! रोग पडला होता. बरं झालं मी बघितलं."

"रोग नव्हता हो, रंगच तसा होता."

"असला रंग असतोय होय? एक पिवळं, त्याला कावीळ. एक काळंनिळं, तांब्याभर घाला म्हणून तूच सांगितलंस, पाणी जास्त झालं त्याला. आणि ते तिसरं तर वाळूनच गेलं होतं."

"ते कॅरॅमल होतं."

"उलटं करून बघितलं मी पान. खालून जांभळं! बुरशी रे ती!"

आता कॅरॅमलचं पान खालून जांभळटच असतं, ते झाडाचं वैशिष्ट्य म्हणून मी जाहिरातीत वाचलं होतं. हे काकूंना कसं सांगणार? चाळीस वर्षं त्या मंडईत मेथीची जुडी उलटी करून बघून घेतायत. त्यांच्या हिशेबात हिरव्याखेरीज पानाचा दुसरा कुठला रंग म्हणजे भाजीवाल्यानं फसवलं.

"नाव काय म्हणालास झाडाचं?"

"कोरल बेल्स. म्हणजे पोवळ्याच्या घंटा."

गॅलरीत पेपर वाचणाऱ्या काकांनी तेवढ्यात मान वर केली. "मग मिळाली की," म्हणाले आणि परत पेपरात गेले.

काकू खाली आल्या. हातात पिशवी. पानं त्यांनी टाकली नव्हती, मला दाखवायला ठेवली होती. पुरावा. एकेक पान जिन्यावर मांडून त्यांनी रोग समजावला. मी हो हो म्हटलं. खरं सांगतो, त्या क्षणी ती पानं मलाही थोडी वाळकीच दिसायला लागली होती.

"आणि एवढं काय तोंड पाडतोस? मार्चात ऊन लागलं की गेलंच असतं ते."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. कारण बहुतेक गेलंच असतं. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात आमचे पंखे गरम वारा फेकतात, तिथं या थंड हवेतल्या बाईसाहेब काय टिकणार? पण मार्चपर्यंत दीड महिना होता. तो माझा होता. चहासकट.

कुंड्या अशा मोकळ्या दिसत होत्या, म्हणून कडेनं पुदिन्याच्या काड्याही काकूंनी खोचल्या होत्या. "उगीच माती वाया कशाला?"

ह्यूकेराचं ते नखाएवढं पान अजून तेवढंच आहे. पुदिना मात्र तिन्ही कुंड्यांत तरारलाय, माझ्या कोकोपीटवर आणि गांडूळखतावर. आज सकाळी काकू वाटी घेऊन खाली आल्या. चटणीपुरता खुडला, आणि जाता जाता पुदिन्याचं एक पिवळं पडलेलं पान माझ्या हातात ठेवलं.

"हे बघ, याला म्हणतात रोग."