तुमच्याकडे घूस नाही ना?

ओट्याखाली लेंड्या सापडल्या म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. टॉर्च घेऊन एक मुलगा आला आणि त्याच्यामागे, कोणी बोलावलं नसताना, तळमजल्यावरचे काका. चपला दारात, नाक थेट आमच्या ट्रॉलीत.

डोळे मिटून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "लहान उंदीर. नर. चांगला मुरलाय."

"काका, तो हिंगाचा वास आहे."

"हिंग मागाहून येतो. आधी मूत."

मुलाने मान डोलावली. हा माझ्या पैशांनी आलेला माणूस! आणि संताप असा, की शास्त्रही काकांच्या बाजूचं. नराच्या मुतातली प्रथिनं वास धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. जो दादा, तो थेंब थेंब शिंपडत घरभर हिंडतो; हरलेला कोपऱ्यात उरकून घेतो. थोडक्यात, माझ्या ओट्याचा सातबारा आता त्याच्या नावावर.

"तुमचं दुर्दैव काय, तुमच्याकडे घूस नाही," काका म्हणाले. "आमच्या चेंबरमध्ये आहे. ही एवढी! लहान उंदीर औषधालाही सापडायचा नाही. वासानेच पळतात." आवाजातला तो अभिमान त्यांच्या मुलाच्या वाट्यालाही कधी आलेला नाही.

"मग मी काय घूस पाळू?"

"पाळता कशाला? चेंबरमधली मूठभर माती देतो. फडक्यात बांधून सिंकखाली ठेवा."

मोठ्या जातीचे उंदीर लहान जातीच्या उंदरांना मारतात, खातातही, हे खरं. कॅलिफोर्नियात ला होयाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं, की ज्यांनी मोठा उंदीर जन्मात पाहिला नाही असे प्रयोगशाळेतले लहान उंदीरही त्याच्या मुतातल्या प्रथिनाने घाबरतात. पण ते मोठे उंदीर, घूस नव्हे, असं मी म्हणून पाहिलं.

"वास तो वास," काका म्हणाले.

मग चिचुंद्रीच सोडतो की घरात! ती उंदीरही नाही, पण कुशीतल्या ग्रंथींतून असा दर्प सोडते की मांजर मारतं आणि तसंच टाकून जातं. आणि ती मूठभर माती? घुशीच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो. पावसाळा आला की हेच ऐकवत असतात, आणि हे गृहस्थ ते फडक्यात बांधून माझ्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवायला निघालेत.

मुळात घूस चेंबरमध्ये राहते, कारण चेंबरचं झाकण फुटलंय. डक्टची जाळी गंजून गेलीय, आणि वरच्या मजल्यांवरून त्या डक्टमध्ये रोज खरकटं पडतं. नावं मला ठाऊक आहेत. मेंटेनन्स वाढवायला कमिटी एका रात्रीत जमते. झाकणाचा अर्ज मात्र फायलीत कुजतोय. काका कमिटीचे खजिनदार.

"ते झाकण तरी बसवा ना," मी म्हटलं.

"झाकण बसवलं की घूस जाणार. मग तुमचे उंदीर आमच्याकडे येतील, त्याचं काय?"

तुमचे!

मुलाने ग्लू पॅड लावले, माझ्याकडून पैसे घेतले आणि जाताना वाकून नमस्कार केला. काकांना.