विविधता उरकण्याची सोपी पद्धत

नागपुरातल्या आपल्या शाळेत ‘विविधता दिन’ साजरा करण्याचं पत्रक आलं की घाबरू नका. चाळीस मिनिटांच्या तासिकेत अख्खा भारत उरकतो. पोशाख भाड्याने मिळतात. जरीपटक्याची मुलगी सिंधी, मोमिनपुऱ्याचा मुलगा जाळीची टोपी घालून, आणि गोंड मुलगा कमरेला पानं, डोक्यात पिसं, हातात धनुष्य घेऊन. त्याचे वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथ चालवतात, ते मंचावर दिसायचं कारण नाही. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे त्या हिशेबाने पाहुणे आपण. पण हे इतिहासाच्या तासाला बघू.

मानवशास्त्राची पुस्तकं मात्र दूर ठेवा. ती वाचली की संस्कृती आपल्यालाही असते असं वाटू लागतं, आणि मग पंचाईत होते. संस्कृती ‘त्यांची’ असते. आपलं ते ‘वळण’.

आता रोजचा वर्ग. खडू वर धरा आणि विचारा, ‘हे काय आहे?’ एखादा मुलगा गप्प राहील. लगेच वहीत ‘मंद, प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून मोकळे व्हा. शर्ली ब्राइस हीथ नावाच्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या कॅरोलायना भागात वर्षानुवर्षं घराघरांत बसून पाहिलं. त्यांचं पुस्तक 1983 चं. तिथल्या गिरणी कामगारांच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत मोठी माणसं मुलांना असे प्रश्न फारसे विचारतच नसत. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते विचारायचं कशाला? ती विचारत ‘हे कशासारखं दिसतं?’ शाळेत तीच मुलं गप्प. शिक्षकांनी प्रश्न बदलले, तेव्हा बोलू लागली. हा उपाय धोक्याचा आहे. आपल्या वर्गातला गप्प मुलगा बोलायला लागला तर आधीचा शेरा खोडावा लागेल, आणि निकालपत्रकात खाडाखोड चालत नाही. शिवाय तो ‘मले वाटते’ अशी सुरुवात करेल. तिथेच ‘मले नाही, मला!’ म्हणून तोडा. त्याला काय वाटत होतं, हा प्रश्नच मिटतो.

गृहभेट टाळता येत नसेल तर दारातूनच करा. दहा मिनिटं पुरेत. हो-नाहीचे रकाने असलेला फॉर्म न्या: शौचालय आहे का, अभ्यासाला टेबल आहे का. मुलगा संध्याकाळी आईसोबत भाजीच्या ठेल्यावर बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी करतो, त्याला रकाना नाही, म्हणजे ते गणित नाही. चहा आला तर ‘नको, आत्ताच झाला’ म्हणा. मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर गावातच तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला आणि मगच लिहू लागला. त्याला वेळ होता, आपल्याला सिलॅबस आहे. उंटावरून शेळ्या हाकल्या तरी शेळ्या चालतात.

आडनावावरून अंदाज लागला नाही तर ‘राहता कुठे?’ विचारा. इंदोरा, म्हणजे दलित वस्ती, हे नाव ऐकलं की पुढचं विचारावं लागत नाही. तरीही शंका उरली तर ‘आरटीईतून आला का?’ (म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव मोफत जागेवर) हा प्रश्न आहेच, आणि तो सगळ्या वर्गासमोर विचारला तर वेळही वाचतो.

एक काम मात्र चुकूनही करू नका: स्टाफरूमची नोंदवही ठेवणं. 1956 साली होरेस मायनर या मानवशास्त्रज्ञाने अमेरिकन माणसाच्या दात घासण्याचं वर्णन एखाद्या दुर्गम जमातीच्या विधीसारखं केलं. वाचणाऱ्यांना आपलंच न्हाणीघर ओळखू येईना. तसं कुणी मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून लिहू लागलं, की डबा कुणासमोर उघडला जातो, कुणाची भाजी ‘चाखून बघतो’ म्हणत घेतली जाते आणि कुणाची कधीच नाही, कुठला कप खिडकीपाशी वेगळा पालथा असतो आणि तो कोण वापरतं, तर त्या वहीचं काय करायचं? शिपायाला सांगून कप बदलून घ्या, सगळे एकाच रंगाचे. विविधता समितीची बैठक असेल त्या दिवशी तरी.