रात्री दहाला कोणतं मैदान उघडं असतं?

हायस्कूलच्या पालकसभेत एक तक्रार हमखास येते. "मॅडम, जरा मोकळा वेळ मिळाला की हा मोबाईल घेऊन बसतो. बाहेर खेळायला जा म्हटलं तरी हलत नाही." आई बोलत असते, वडील मान हलवत असतात आणि पोरगं खाली बघत बुटाच्या नाडीशी चाळा करत असतं. तालुक्याच्या गावात मी गेली बरीच वर्षं नववी-दहावीला शिकवतेय. पालकांची काळजी खरी असते, ती मला कळते. पण मला त्यांना एक विचारायचं आहे. हा मोकळा वेळ त्याला मिळतो किती वाजता?

नववीतल्या पोराचा दिवस बघा. सकाळी सहाला उठायचं, साडेसहाला गणित-विज्ञानाचा क्लास. तिथून घरी, आंघोळ, डबा, अकराची शाळा. पाचला शाळा सुटली की साडेपाचला इंग्रजीची बॅच, ती सुटते साडेसातला. मग जेवण, शाळेचा गृहपाठ, क्लासचा वेगळा गृहपाठ. हे उरकून तो अंथरुणाला टेकतो तेव्हा दहा वाजलेले असतात, आणि अख्ख्या दिवसातला त्याचा स्वतःचा असा पहिला अर्धा तास तिथे सुरू होतो. रात्री दहाला कोणतं मैदान उघडं असतं? कोण मित्र खालून हाक मारणार? तेव्हा उघडा असतो तो फक्त फ्री फायरसारखा मोबाईल गेम. मित्रही तिथेच भेटतात, कारण त्यांचाही दिवस तेव्हाच संपलेला असतो.

मी मोबाईलची वकिली करत नाहीये. पहिल्या तासाला वर्गात अर्ध्या मुलांच्या डोळ्यांवर झोप असते, ती मला रोज दिसते. पण नुसत्या बंदीने काय झालं तेही आपण पाहिलंय. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक गेलं, सप्टेंबरमध्ये पबजी गेलं. २०२२ मध्ये फ्री फायर बंद झालं, तर फ्री फायर मॅक्स चालूच राहिलं. आता ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली, तेव्हापासून आपल्याकडेही असं करा म्हणणारे वाढलेत. करा. पण त्या मुलाने मग संध्याकाळी जायचं कुठे, हे त्याच वाक्यात सांगा.

मुलग्यांना निदान काही वाटा तरी आहेत. रविवारी आठ-दहा जण वर्गणी काढून टर्फचं मैदान भाड्याने घेतात, तासाला सातशे-आठशे रुपये. ज्याच्याकडे वर्गणी नसते तो "आज जमणार नाही" म्हणतो आणि घरी बसतो. तो का आला नाही हे बाकीच्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. चौकातल्या चायनीजच्या गाडीवर एक प्लेट तिघांत होते. गणपतीआधी दोन महिने ढोल पथकाचा सराव सुरू होतो तेव्हा तर वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते माझ्या कुठल्याही तासाला येत नाही. पथकात त्यांना कुणी टक्के विचारत नाही. हात बसला का, ठेका पडतो का, एवढंच बघतात.

मुलींचं काय?

आमच्या शाळेपासून थोडं पुढे एक वळण आहे, तिथून तीन रस्ते फुटतात. शाळा सुटल्यावर मुली तिथे सायकली घेऊन थांबतात. सायकलवरून उतरत नाहीत. एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर, दप्तर पाठीवर तसंच. कुणी विचारलं तर लगेच निघता यावं म्हणून. तशाच अवस्थेत दहा-पंधरा मिनिटं बोलत राहतात, हसतात, एकमेकींच्या वहीत काहीतरी दाखवतात. मग एखादी घड्याळ बघते आणि सगळ्या पांगतात. सबंध दिवसातली त्यांची मजा म्हणाल तर एवढीच. आणि त्यावरही गावाची नजर असते. "तुमची मुलगी वळणावर उभी असते हं," असं सांगणारं कुणीतरी घरापर्यंत पोचतंच.

याच मुली सातवीपर्यंत शाळेच्या खो-खो संघात होत्या. त्यांचं पोल डाइव्ह, म्हणजे खांबापाशी घेतलेली झेप, मी पाहिलंय, गुडघे सोलले तरी उठून धावणाऱ्या पोरी. आठवीत पाळी सुरू झाली, अंग वाढलं, आणि घरातून "आता पुरे" आलं. काहींना तर कुणी थांबवलंही नाही. शाळेत बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, खेळ शिकवणारे सगळे पुरुष. अशात कोण खेळेल? दहावी येईपर्यंत मैदानावर फक्त मुलगे उरतात आणि आपण म्हणतो, मुलींना आवडच नसते.

आवड नसती तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला जे झालं ते झालं नसतं. खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या महिलांनी आणि पुरुषांनी, दोघांनीही जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वायकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. त्या सोमवारी मी वर्गात हा विषय काढला तर मुलींनी अंतिम सामन्याचा स्कोअर तोंडपाठ सांगितला. नेपाळविरुद्ध ७८-४०. खेळ बंद होऊन दोन वर्षं झालेल्या मुली होत्या त्या. आणि या खेळाला लागतं काय? सत्तावीस मीटर बाय सोळा मीटर जागा, दोन खांब आणि रेषा आखायला फक्की. ही जागा आपल्या जवळपास प्रत्येक हायस्कूलकडे आहे.

फक्त तिला संध्याकाळी कुलूप असतं. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. शाळेचं मैदान सहाला बंद, रविवारी बंद, मे महिन्यात बंद. लग्नाला, प्रदर्शनाला, नेत्याच्या सभेला मात्र उघडतं, आणि नंतर पुढचे कित्येक दिवस मुलं तिथे मांडवाचे खड्डे चुकवत पळतात. मैदान असलं पाहिजे हे शिक्षण हक्क कायद्यात आहे, पण तो कायदाच मुळी आठवीपर्यंत. नववीत पाऊल टाकलं की मुलगा त्यातून बाहेर. मुलांच्या विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात एकतिसाव्या कलमात आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येकासाठी, आणि भारताने तो १९९२ मध्ये मान्य केलाय. आपल्या वेळापत्रकात पीटीचा तासही असतो. डिसेंबर उजाडला की पोर्शन संपवायला तो तास जातो, आणि त्याबद्दल एकही पालक तक्रार करत नाही.

या मुलांना मजा करता येत नाही, असं जे म्हणतात त्यांनी दिवाळीत आमच्या गल्लीत यावं. क्लासला सुट्टी असते ते हेच काय ते दिवस. गेल्या दिवाळीत नववीतल्या पोरांनी मातीचा राजगड केला. युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून घेतलं त्यात राजगड आहे, त्यामुळे हाच करायचा असं ठरलं होतं. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी जमेना. तेव्हा त्यांनी त्याच मोबाईलवर ड्रोनचे व्हिडिओ लावले, थांबवून थांबवून बघितले, बुरूज मोजले. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, माची फार रुंद झाली म्हणून. केलेली मोडली, परत लिंपली. पोत्यांवर चिखल, चिखलावर अळीव पेरलेला, आणि तो उगवला का बघायला सकाळी साडेसहाला, क्लासच्याच वेळेला, कुणी न उठवता सगळी हजर. रात्री अकरापर्यंत काम चालायचं आणि त्या आठवड्यात फ्री फायरचं नाव निघालं नाही. कुणी मनाई केली नव्हती.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावबद्दल तुम्ही वाचलं असेल. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद. मला त्या गावाचं मनापासून कौतुक आहे, कारण तिथे मोठ्यांनीही आपले मोबाईल खाली ठेवले. एवढंच वाटतं की तो दीड तास अभ्यासासाठी आहे. असाच एखादा तास खेळासाठीही सगळ्या गावाने मिळून राखता येईल. क्लासवाल्यांना एकट्या पालकाने सांगून ते ऐकणार नाहीत. एकाने मुलाला काढलं तर त्याला भीती असते की आपलंच पोर मागे पडेल. पण वर्गातल्या निम्म्या पालकांनी मिळून सांगितलं, की संध्याकाळची बॅच आठवड्यातून दोन दिवस नको आणि रविवारी तर मुळीच नको, तर क्लासवाले ऐकतात. त्यांनाही घर आहे, मुलं आहेत.

मी मागतेय ते अगदी थोडं आहे. बुधवार आणि शनिवार, साडेपाच ते साडेसात, हायस्कूलचं मैदान उघडं. त्यातला बुधवार फक्त मुलींचा. मैदानावर एक खोली बदलायला आणि स्वच्छतागृहाला आतून कडी. शिकवणी नको, शिबिर नको, प्रमाणपत्र नको, ग्रेस मार्कांचं आमिष नको. खेळायचं असेल तर खेळा, नाहीतर पायरीवर बसून गप्पा मारा. सायकली स्टँडला लावून, दप्तर बाजूला ठेवून, निवांत.

संस्थेच्या सचिवांशी माझं बोलणं झालंय. "जबाबदारी कोण घेणार?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. दोन्ही दिवस मी स्वतः थांबणार आहे. पूर्वी राज्य पातळीवर खेळलेल्या गावातल्या दोन ताई बुधवारी यायला तयार आहेत. फक्की आणि खांबांचा खर्च एका माजी विद्यार्थ्याने उचललाय. आता नववी-दहावीच्या मुलींच्या आई-बाबांनी पुढे यावं. थंडीत साडेसातला अंधार असतो. एसटी स्टँडच्या बाजूच्या तीन गल्ल्या आणि वरची वाडी, इथल्या मुलींना घरापर्यंत सोडायला आळीपाळीने कोण येईल, तेवढं ठरवायचं राहिलंय. ज्यांना जमेल त्यांनी शनिवारी शाळा सुटताना फाटकापाशी भेटा.