अमेरिकेत इमिग्रेशनवर तडजोड "कधी झालीच नाही"? मग आपली पोरं तिथे पोचली कशी?

गेले चार दिवस एकच मेसेज फिरतोय. आधी आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या ग्रुपवर, मग काल मावशीने पण पाठवला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत इमिग्रेशनवर तडजोड आजवर कधी झालीच नाही आणि होणारही नाही, दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी आहेत, राष्ट्राध्यक्षाने मनात आणलं तर एका सहीत सगळ्या भारतीयांना ग्रीन कार्ड (तिथे कायमचं राहायची परवानगी) मिळेल, सात टक्क्यांचा नियम (एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांहून जास्त नाहीत) मुद्दाम भारतीयांना अडवायला केलाय, आणि तडजोड म्हणजे घुसखोरांना माफी, आपल्या कायदेशीर गेलेल्या मुलांचा त्याच्याशी काय संबंध. खाली दोनशे अंगठे.

मी एरवी अशा मेसेजवर काही लिहीत नाही, पण हा विषय आमच्या घरातला आहे. दादा २०११ मध्ये एच-१बी वर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर, न्यू जर्सीला गेला, त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१६ ची. व्हिडिओ कॉलवर वहिनी ओट्यापाशी उभी असली की मागे फ्रिज दिसतो, त्यावर वहीचा एक कागद लावलाय. रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं दर महिन्याचं सरकारी व्हिसा बुलेटिन आलं की भारताच्या ईबी-२ (दादाचा ग्रीन कार्डचा गट) समोरची तारीख ती त्यावर लिहिते. कधी दोन आठवडे पुढे, कधी कितीतरी महिने जागच्या जागी, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तर तारीख एकदम दोन वर्षांहून जास्त मागे गेली, ती तिने लाल पेनने लिहिली होती. त्यामुळे त्या मेसेजमागचा राग मला कळतो, तो खराच आहे. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि ते तसंच सोडणं मला पटत नाही.

पहिलं, "तडजोड कधी झालीच नाही". अहो, आपली माणसं तिकडे आहेत तीच तडजोडीमुळे! १९४६ च्या कायद्याने भारतासाठी वर्षाला किती जागा ठेवल्या होत्या माहितीये? शंभर. अख्ख्या देशाला शंभर. १९६५ मध्ये ती देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडली, ३ ऑक्टोबरला लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी त्या कायद्यावर सही केली. पण तो कायदा सरळ पास झाला नव्हता. ओहायोचे खासदार मायकल फीगन अडून बसले होते, त्यांचं म्हणणं की कौशल्यापेक्षा नातेवाइकांना आधी प्राधान्य द्या, म्हणजे आधीपासून तिथे असलेल्या युरोपियन लोकांचेच नातलग येतील असा त्यांचा हिशोब. सरकारने ते मान्य केलं म्हणून कायदा पुढे सरकला. आणि झालं काय, तर पुढे त्याच कलमावर आशियातली कुटुंबंच्या कुटुंबं गेली, आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर कौशल्यावर गेले आणि मग त्या कलमावर त्यांची भावंडं गेली.

पुढे १९९०. डेमोक्रॅट टेड केनेडी आणि रिपब्लिकन अ‍ॅलन सिम्पसन एकत्र बसले, सही थोरल्या बुश यांची. एच-१बी हा प्रकारच त्या कायद्यातून जन्माला आला, वर्षाला ६५,००० ची मर्यादा घालून, आणि नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० झाली. मग २००० साली, क्लिंटन अध्यक्ष आणि संसद रिपब्लिकनांची, तेव्हा अजून एक कायदा झाला, सेनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ९६ विरुद्ध १. एच-१बी ची मुदत एरवी सहा वर्षांची, पण ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना ती पुढे वाढवून मिळते ती या कायद्यामुळे. म्हणजे दादा आज, इतक्या वर्षांनी, तिथे कायदेशीर राहतोय तो दोन पक्षांनी मिळून केलेल्या एका कलमावर. हे नसतं तर तो कधीच परत आला असता.

"एका सहीत ग्रीन कार्ड" हे तर साफ खोटं. आकडे कायद्यात लिहिलेत, कायदा संसद बदलते, आणि सेनेटमध्ये चर्चा संपवून मतदानापर्यंत जायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. तिथे अशी मतं एका पक्षाकडे क्वचितच असतात म्हणूनच तडजोड लागते. सहीने काय होतं ते बघायचं असेल तर ओबामांची २०१२ ची डाका योजना बघा, लहानपणी आणलेल्या मुलांना तात्पुरतं संरक्षण, ग्रीन कार्ड नाहीच, ट्रम्प यांनी ती बंद करायला घेतली, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने कशीबशी वाचली आणि ती मुलं आता मोठी होऊन बाप झाली तरी कोर्टाच्या तारखा संपलेल्या नाहीत. आणि उलटी सही पण आपण पाहिली की. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावले ते एका सहीनेच. त्या शनिवारी दादाचे दोन मित्र इथे सुट्टीवर होते, त्यातला एक बॅगा अर्धवट भरून एअरपोर्टला पळाला, कारण आधी सांगितलं की दरवर्षी भरायचे, मग दुसऱ्या दिवशी खुलासा आला की एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांना. सहीवर मिळालेलं सहीवर जातं, एवढं तरी आपल्याला त्या शनिवारी कळायला हवं होतं.

सात टक्क्यांचं पटकन सांगते. नियम सगळ्या देशांना सारखा, आइसलँडला जेवढा तेवढाच भारताला, आणि तीच अडचण आहे. अन्याय होतो, शंभर टक्के होतो, पण एका देशाने सगळ्या जागा घेऊ नयेत म्हणून मर्यादा घालायची पद्धत १९६५ पासूनची आहे, तेव्हा तिकडे भारतीय होतेच किती? चीनवाले पण रांगेत आहेत. शिवाय त्या १,४०,००० मध्ये बायको-मुलं पण मोजतात, दादाचा नंबर लागेल तेव्हा एका नोकरीमागे तीन कार्डं जाणार.

आता "दोन्ही पक्ष सारखेच, कोणालाच नको". मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, कारण यात ज्यांनी खरंच जीव तोडून काम केलं त्यांना पण आपण एकाच दावणीला बांधतो. २०१३ ला आठ सेनेटर, चार या पक्षाचे चार त्या, मॅकेन, शूमर, रुबिओ वगैरे, महिनोन्महिने बसून त्यांनी बिल केलं. नोकरीच्या ग्रीन कार्डावरची देशाची मर्यादा त्यात काढून टाकलेली! २७ जूनला सेनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ ने पास झालं, १४ रिपब्लिकन बाजूने. आणि खालच्या सभागृहात स्पीकर बेनर यांनी ते मतदानाला ठेवलंच नाही, कारण स्वतःच्या पक्षातल्या बहुमताला नको असेल तर आणायचं नाही असं ठरलेलं. हरलं नाही ते, टेबलावरच आलं नाही. परत २०१९ ला फक्त देशाच्या मर्यादेचं बिल खालच्या सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, डिसेंबर २०२० मध्ये सेनेटने पण केलं, पण मजकूर वेगळा, दोन्ही जुळवायला वेळ उरला नाही आणि जानेवारीत संसदेची मुदत संपली. दादाने त्या डिसेंबरमध्ये आईला फोन करून सांगितलं होतं की आता होईल बहुतेक. आईने देवापुढे साखर ठेवली होती.

म्हणजे तडजोड होत नाही असं नाहीये, झालेली तडजोड शेवटच्या दारात अडवली जाते, आणि अडवणारे कोण ते प्रत्येक वेळी नावानिशी सांगता येतं. सगळे सारखेच म्हटलं की त्यांचीच सुटका होते.

राहिला शेवटचा मुद्दा, माफीचा. यात थोडं तथ्य आहे ते मान्य करते. १९८६ ला रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने साधारण २७ लाख लोक कायदेशीर झाले, आणि बदल्यात कामावर ठेवणाऱ्या मालकांवर जी कडक कारवाई व्हायची होती ती नीट झालीच नाही, कागद वरवर बरे दिसले की मालक सुटला. रिपब्लिकनांचा अविश्वास तिथून आहे आणि तो बिनबुडाचा नाही. पण म्हणूनच २०१३ च्या बिलात आधी सीमेवर खर्च, मग दंड, थकलेला टॅक्स, आणि नागरिकत्व १३ वर्षांनी असं होतं. याला फुकटची माफी कसं म्हणणार?

आणि "आपला काय संबंध" म्हणणाऱ्यांनी ५ फेब्रुवारी २०२५ आठवावा, अमृतसरला लष्करी विमानातून १०४ भारतीय उतरवले, त्यात महाराष्ट्रातले तिघं होते. बिनकागदाचे लोक म्हणजे कोणीतरी दुसरेच, असं नाहीये. दुसरं म्हणजे त्यांचं आणि आपलं बिल एकच असतं. २०२४ चं बिल रिपब्लिकन लँकफर्ड, डेमोक्रॅट मर्फी आणि अपक्ष सिनेमा यांनी केलेलं, मुख्य भाग सीमेचा आणि आश्रयाच्या नियमांचा, पण आत एच-१बी वाल्यांच्या मुलांसाठी एक कलम होतं.

माझी भाची २००७ ची, इथे नेरूळला जन्मलेली, चार वर्षांची असताना गेली. तिचा भाऊ तिथे जन्मला म्हणून नागरिक, ती एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या बायको-मुलांच्या व्हिसावर. एकवीस पूर्ण झाले की ती वडिलांच्या अर्जातून बाहेर, मग स्टुडंट व्हिसा घे नाहीतर परत ये. ती मला विचारते, आत्या, मी तिथे आले तर मला मराठी लिहिता येत नाही, चालेल का? त्या बिलात तिचं वय धरून ठेवायची तरतूद होती, आणि वहिनीला नोकरी करायचा हक्क पण, जो आज एका नियमावर टांगलाय. ट्रम्प यांनी उघड विरोध केला, ७ फेब्रुवारीला मतदान झालं, बाजूने ४९, विरोधात ५०, आणि बिल अडलं. लँकफर्ड यांच्यासकट फक्त चार रिपब्लिकन बाजूने राहिले, आणि दुसऱ्या बाजूने पडिया, मेनेंडेझ अशा काही डेमोक्रॅट सेनेटरांनी पण विरोधात मत दिलं कारण त्यांना ते फार कडक वाटलं.

काका, तुम्ही ग्रुपवर तो मेसेज टाकलात तेव्हा तुमच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहितीये, तुमची लेक पण त्याच रांगेत आहे. पण पुढच्या वेळी तिकडे असं बिल आलं आणि बिनकागदवाल्यांना पण काही मिळतंय म्हणून तिच्या मैत्रिणी नाकं मुरडायला लागल्या, तर तिला सांगा की त्यात आपलं कलम पण शोध.