गणपतीची तिथी सर्व्हरला कोण सांगणार?

लेखात म्हटलंय की भाकितावर चालणारं भार-वाटप, म्हणजे पुढची गर्दी ओळखून सर्व्हरवरचं काम आधीच वाटून देणारी यंत्रणा, लावली की सर्व्हरकडे लक्ष ठेवायला नको. हे पटलं नाही. मी रत्नागिरीत एका पतसंस्थेचे तीन होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, सांभाळतो. सकाळी अकराची काउंटरवरची गर्दी, महिनाअखेरची व्याज आकारणी, हे यंत्रणा जुन्या आकड्यांवरून बरोबर ओळखते आणि व्हर्च्युअल मशीन (होस्टवर सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) आधीच मोकळ्या होस्टवर हलवते. हा फायदा खरा आहे. कारण हलवताना मेमरी नेटवर्कवरून कॉपी होते, होस्ट आधीच दमलेला असेल तर त्याच्यावर आणखी ओझं.

पण गणपती? तिथी दरवर्षी सरकते, कधी ऑगस्ट, कधी सप्टेंबर. चाकरमानी आले की आठवडाभर रांग, आणि काही आठवड्यांच्या इतिहासावर शिकलेल्या यंत्रणेला त्याचा पत्ताच नसतो. आम्ही दोन दिवस आधी बॅकअपची वेळ पहाटे तीनला नेतो, रिपोर्टचं मशीन बंद ठेवतो. हातानेच.

आणि ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाच्या दिवशी, एक होस्ट बंद पडला. उरलेल्या दोघांत जागा राखली होती म्हणून त्याच्यावरची मशीनं तिथे पुन्हा उभी राहिली. तिन्ही काठोकाठ भरलेले असते तर नसलेली रॅम कुठून आणली असती? या राखीव जागेबद्दलही लेखकाने जरूर लिहावं.