'सिस्टीमने केलं' म्हणजे नक्की कोणी केलं?

गेल्या पंधरवड्यात एआयचं गुणगान गाणारा एक मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, ऑफिसातले एक सिनियर, आणि शेवटी मावशी. पहिल्या तिघांकडे दुर्लक्ष केलं. मावशीच्या वेळी राहवलं नाही, कारण तिने खाली स्वतःची एक ओळ जोडली होती: "मशीनने ठरवलंय म्हणजे बरोबरच असणार. जाऊ दे गं, तू नको डोकं लावूस."

हे 'जाऊ दे' एक्केचाळीस हजार रुपयांचं आहे.

मेसेजचं शीर्षक 'आता न्याय यंत्राच्या हाती!' वर गुलाब, खाली जोडलेले हात, मध्ये पाच मुद्दे. यंत्राला जात-धर्म नाही म्हणून ते भेदभाव करत नाही. ते लाच खात नाही. ते फळाची अपेक्षा न ठेवता काम करतं, म्हणून खरा निष्काम कर्मयोगी तेच. युरोपातल्या एका देशाने एआयला मंत्री केलंय. आणि यंत्र आपलं आपण शिकतं, त्यामुळे त्याच्या हातून चूक झालीच तर तो कोणाचाच दोष नसतो, नशीब समजून पुढे जावं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, खरं विष तिथे आहे.

मावशी एकाहत्तर वर्षांची, सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तीन आठवड्यांनी डाव्याचं. डॉक्टर तेच, हॉस्पिटल तेच, पॅकेज तेच, बिलाचा आकडाही तोच. पहिल्या डोळ्याचा मेडिक्लेम पास झाला. दुसऱ्याचा, एक्केचाळीस हजारांचा, चार मिनिटांत रिजेक्ट. कारण: 'दुबार दावा'.

दोन्ही डिस्चार्ज कार्डं मी तिच्या जेवणाच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवली. एकावर उजवा डोळा, एकावर डावा. तारखा वेगळ्या, लेन्सचे स्टिकर वेगळे. पाचवीतल्या मुलानेही फरक ओळखला असता. कॉल सेंटरच्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीमने ऑटो-रिजेक्ट केलंय. आमच्या हातात काही नाही." तीन फोन, तीन मुलं, वाक्य तेच.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अकरा वर्षं घालवली आहेत, म्हणून हे वाक्य मला जास्त झोंबतं. सिस्टीमने केलं म्हणजे काय होतं, ते मला माहीत आहे. 'तीस दिवसांच्या आत, तेच हॉस्पिटल, तीच रक्कम, तर दुबार समजा' हा नियम आकाशातून पडत नाही. तो कोणीतरी रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं त्या यादीत, लिहितो, नाहीतर जुन्या क्लेमचा डेटा देऊन एआय मॉडेलला शिकवतो. किती संशय आला की थेट रिजेक्ट करायचं आणि किती आला तर माणसाकडे पाठवायचं, हा आकडा एका मीटिंगमध्ये ठरतो. त्यावर कोणाचातरी साइन-ऑफ, म्हणजे मंजुरीची सही असते. मॉडेल आतून कसं विचार करतं हे बनवणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही, हे खरं. पण त्याला शेवटचा शब्द द्यायचा की नाही, हे माणूसच ठरवतो. आमच्याकडे एखादा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, कोणाच्याच नावावर नसला तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये मॅनेजर पहिला प्रश्न तोच विचारतो: हा कोणाचा? कंपनीच्या आत प्रत्येक चुकीला नाव असतं. ते पुसलं जातं फक्त गिऱ्हाइकापर्यंत पोचताना.

बरं, 'यंत्राची चूक कोणाचीच नाही' हा युक्तिवाद कोणी कोर्टात केलाच नाही असं नाही. केलाय, आणि तोंडावर आपटलाय. कॅनडातला एक प्रवासी आजी वारली म्हणून व्हँकुव्हरहून टोरांटोला निघाला होता. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं की तिकीट आत्ता काढ, शोक-सवलतीसाठी नव्वद दिवसांत अर्ज कर. त्याने तसं केलं. कंपनी म्हणाली, असा नियमच नाही, सवलत आधी मागायला हवी होती. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या लवादासमोर कंपनीचं म्हणणं काय, तर चॅटबॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि त्याच्या कृत्यांना तोच जबाबदार! लवादाने फेब्रुवारी २०२४मध्ये हे उडवून लावलं. वेबसाइट तुमची, त्यावरची सगळी माहिती तुमची, मग ती साध्या पानावर असो की चॅटबॉटच्या तोंडी. भरपाई मिळून सगळे आठशे डॉलरच्या थोडे वर. रक्कम किरकोळ आहे, पण 'बॉट वेगळा, आम्ही वेगळे' हे दार तिथे बंद झालं.

आपल्याकडे तर हे २४ वर्षं आधीच लिहून ठेवलंय. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ११: तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणी आपोआप चालण्यासाठी प्रोग्रॅम केलेल्या यंत्रणेने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक मजकूर तुमचाच धरला जातो. म्हणजे मावशीला आलेला रिजेक्शनचा ईमेल कंपनीचा. यंत्राचा नव्हे.

आणि विम्यात याहून स्पष्ट आहे. विमा नियामकाच्या २९ मे २०२४च्या आरोग्य विम्याच्या मास्टर सर्क्युलरनुसार कंपनीची उत्पादन व्यवस्थापन समिती किंवा तिच्यातल्या तीन सदस्यांची दावा आढावा समिती यांच्या मंजुरीशिवाय कोणताही क्लेम फेटाळता येत नाही. फेटाळला तर पॉलिसीतल्या कोणत्या अटीनुसार, तेही सांगावं लागतं. मग चार मिनिटांत तिघं जमले, कार्डं वाचली आणि उजवा-डावा त्यांना कळला नाही? की जमलेच नाहीत? दोन्हींतलं एक काहीतरी असणार, आणि दोन्हींत माणसंच आहेत.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण 'जबाबदारी माणसाची' म्हटलं की लोक लगेच त्या कॉल सेंटरच्या मुलावर घसरतात. २०१८मध्ये अमेरिकेतल्या टेंपीत उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. गाडीला ती बाई काही सेकंद आधी दिसली होती. समोर दिसतंय ते वाहन, सायकल की आणखी काही, हे सॉफ्टवेअर ठरवत राहिलं. मूळ गाडीतली आपत्कालीन ब्रेकची सोय चाचणीत बंद ठेवलेली होती. कंपनीवर फौजदारी गुन्हा लागला नाही. आत बसलेली चालक फोनवर कार्यक्रम बघत होती. तिने २०२३मध्ये गुन्हा कबूल केला, तीन वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख. तिची चूक होतीच. पण ब्रेकची सोय बंद ठेवण्याचा निर्णय तिचा नव्हता.

आता उरलेले मुद्दे, भराभर.

भेदभाव नाही? अ‍ॅमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला मॉडेल बनवलं, आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकवलं. अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यामुळे ते बायकांचे अर्ज खाली ढकलायला लागलं. शेवटी गुंडाळलं, २०१८मध्ये बातमी फुटली. यंत्राला जात नसते, त्याला दिलेल्या डेटाला असते.

लाच खात नाही, हे मान्य. नाइलाजाने, पण मान्य. चौकातला कॅमेरा 'मला ओळखत नाहीस का' ऐकत नाही, मामांशी होते तशी घासाघीस त्याच्याशी होत नाही. हा फायदा खरा आहे. फक्त शेजारच्याच्या गाडीचं चलान आपल्या नावावर आलं तर तक्रार वाचायला पुन्हा माणूसच लागतो.

निष्काम कर्मयोगी! फळाची इच्छा सोडायला आधी इच्छा असावी लागते. नाहीतर आमचा मिक्सर गेली बारा वर्षं कर्मयोगी आहे.

एआय मंत्री? अल्बानियाने सप्टेंबर २०२५मध्ये सरकारी खरेदीसाठी 'दिएला' नावाची आभासी मंत्री खरंच नेमली. मेसेजमध्ये पुढचं कापलंय: राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात तिच्या निर्मितीची आणि कामकाजाची जबाबदारी पंतप्रधान एदी रामा यांच्यावर टाकली आहे.

काल रात्री मावशीच्या वतीने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. दोन्ही कार्डं जोडली, सर्क्युलरचा तो परिच्छेद जोडला, आणि समितीतल्या तिघांची नावं व बैठकीची तारीख मागितली. महिनाभरात समाधान झालं नाही तर नारायण पेठेतलं विमा लोकपालांचं कार्यालय मावशीच्या घरून चालत जाण्यासारखं आहे, हेही लिहिलं. पत्र तिला वाचून दाखवलं. नवा चष्मा अजून यायचाय, थेंब दिवसातून सहा वेळा घालायचेत. तिने शांतपणे ऐकलं, म्हणाली, "खाली माझी एक ओळ घाल." तिच्या शब्दांत ती अशी गेली:

'उजवा डोळा व डावा डोळा हे दोन निरनिराळे डोळे आहेत, याची संबंधितांनी आरशात पाहून खात्री करून घ्यावी.'