मामांना किल्ले दाखवताना

गोव्यात घर असलं की पाहुणे समुद्रासाठी येतात, हा माझा समज बायकोच्या साताऱ्याच्या मामांनी मोडीत काढला. "समुद्र काय, पाणीच ते. जावईबापू, किल्ले दाखवा!" तेही मे महिन्यात, मुरगाव बंदराला लागून असलेल्या आमच्या वास्कोत.

मामा गडवेडे. पायात जाड बूट, हातात काठी, पिशवीत गूळ-शेंगदाणे. अशा तयारीत आग्वादला गेलो, तर गाडी थेट किल्ल्यापाशी.

"चढ कुठाय?"

"संपला मामा. गाडीतून चढलो."

मामांचा चेहरा पडला. घाम न गाळता गाठलेला गड त्यांच्या वहीत धरत नाहीत. वास्तविक आतल्या उघड्या पटांगणात त्यांना चांगला शर्ट पिळण्याइतका घाम आला, पण तो सपाटीचा घाम, हिशेबात नाही. किल्ला १६१२ चा, डचांच्या धास्तीनं बांधलेला. मधल्या टाक्यात २३ लाख गॅलनांहून जास्त पाणी मावायचं आणि ये-जा करणारी जहाजं ते भरून न्यायची, हे ऐकून मात्र मामांनी पोर्तुगीजांना पैकीच्या पैकी गुण दिले. आमची बाटली तोवर रिकामी झाली होती.

मग दोनापावल. गोवा मुक्तीच्या लढाईत, १८ डिसेंबर १९६१ ला समोरच्या मुरगाव बंदरात 'अफोन्सो द अल्बुकर्क' या पोर्तुगीज युद्धनौकेला आपल्या नौदलाच्या 'बेटवा' आणि 'बियास'नी गाठलं. कप्तान जखमी झाला, नौका या बाजूच्या किनाऱ्यावर येऊन रुतली.

"कुठाय ती?"

"भंगारात गेली, मामा."

"अरेरे! निदान एखादा पत्रा तरी ठेवायचा!" शेजारी नवपरिणीत जोडपी मिठ्या मारून फोटो काढत होती. मामांनी एकाला बाजूला घेऊन लढाई सांगायला घेतली. मुलगा बिचारा ऐकत राहिला, बायको दुसऱ्या जोडप्याचे फोटो काढून देऊ लागली. नवीन लग्न, आणि हा असा अडकला.

मुरगावच्या किल्ल्याचं काम १६२४ ला सुरू झालं. आज तटाचे काही तुकडे उरलेत, आणि तिथे पोचायच्या आधी वाटेत बंदराची फाटकं. एका फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "काम काय?"

"इतिहास," मामा म्हणाले.

"कुठल्या खात्यात?"

आत सोडलं नाही. वळसा घालून सड्यावर एका जुन्या भिंतीशी पोचलो. मामांनी भक्तिभावानं दगडावर हात ठेवला. तळवा काळा झाला.

"तोफेची दारू! अजून आहे!"

"बंदरावरचा कोळसा आहे, मामा. आमच्या बाल्कनीतसुद्धा असतो."

तरी ते खचले नाहीत. १६८३ मध्ये संभाजीराजांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तशी पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्व्होरची पाचावर धारण बसली आणि राजधानी जुन्या गोव्यातून मुरगावला हलवायचं घाटत होतं. शहर काही उभं राहिलं नाही, पण मामांनी ते माझ्याच खात्यावर टाकलं. "म्हणजे तुमचं हे गाव महाराजांच्या धाकानं राजधानी व्हायचं होतं! आणि तुम्ही इथे राहता, तुम्हाला पत्ता नाही!" पत्ता मला होता. मी फक्त तो उन्हात उभं राहून सांगायला तयार नव्हतो.

घरी आल्यावर मामांनी बूट दाराबाहेर काढले आणि बायकोला विचारलं, "उद्या जुवे. होडी असते ना गं?"

"पूल आहे मामा. गाडी जाते."

"मग चालतच जाऊ," मामा म्हणाले.